आकडी, हॅमस्टरमधील
मेंदूतील विद्युत क्रियेत अचानक बिघाड होऊन हॅमस्टर या कृंतक प्राण्याला येणारे झटके. प्राणी कुशीवर पडतो, अंग ताठरते, पाय झाडतो. नंतर काही वेळ गोंधळलेला राहतो. डोक्याला मार, विषबाधा, रक्तशर्करा घटणे, जंतुसंसर्ग ही संभाव्य कारणे होत. काहींत ही प्रवृत्ती आनुवंशिक असते. स्पेनमधील सालामांका येथे जोपासलेल्या सोनेरी हॅमस्टरच्या एका वाणाला मोठ्या आवाजाने आकडी येते. थंडीमुळे येणारी सुप्तावस्था वेगळी; तीत अंग गार पडते व श्वास मंदावतो. झटका आल्यास प्राण्याला धरू नये, तोंडात पाणी घालू नये. जवळच्या टणक वस्तू हलवून शांतता व मंद प्रकाश ठेवावा. झटक्याचा कालावधी नोंदवून पशुवैद्याला त्वरित दाखवावे.