भूल आईला, परिणाम बाळावर

बाळंतपणात क्लोरोफॉर्म किंवा ईथर हुंगवण्यास १८४७ साली सुरुवात झाली. अशी भूल बाळापर्यंत जाते, हे फार काळ लपून राहिले नाही. जॉन स्नो यांना तर नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या श्वासाला ईथरचा वास आला होता. पुढे स्थानिक बधिरके आली. ती मज्जातंतूपाशी टोचायची, आई शुद्धीवर राहते. मग बाळाला त्याचे काय? नावातल्या 'स्थानिक' या शब्दानेच एक खोटा दिलासा दिला. वास्तविक टोचलेले औषध हळूहळू रक्तात शिरते आणि त्याचे छोटे रेणू वार सहज ओलांडतात.

१९४२ मध्ये हिंगसन आणि एडवर्ड्स यांनी न्यूयॉर्कमध्ये माकडहाडाजवळून पुन्हा पुन्हा बधिरक देत राहण्याची रीत सुरू केली. कळा थांबत, पण औषध बरेच लागे. १९६५ मध्ये अमेरिकेतून एक धक्कादायक नोंद प्रसिद्ध झाली. आईला अशी भूल दिल्यावर जन्मलेल्या काही बाळांचे ठोके मंदावले, श्वास थांबला, झटके आले. सुई चुकून थेट बाळाच्या डोक्यात गेली होती आणि मेपिव्हाकेन त्यालाच टोचले गेले होते! उपचारांत रक्त बदलणे होते, तसेच बाळाचे पोट धुणेही होते. औषध डोक्यात टोचले, मग पोट कशासाठी?

उत्तर बारावीच्या रसायनशास्त्रात आहे. ही बधिरके सौम्य आम्लारी आहेत. त्यांचे भाररहित रेणू पटल ओलांडतात, भारित रेणू सहसा ओलांडत नाहीत. आम्लधर्मी जागेत गेलेला रेणू हायड्रोजन आयन घेऊन भारित होतो आणि तिथेच अडकतो. जठर ही अशीच जागा. गुदमरलेल्या बाळाचे रक्तही तसेच. लिडोकेनचे उदाहरण घ्या (pKa ७.९). आईच्या रक्ताचा सामू ७.४ असेल तर एका भाररहित रेणूमागे सुमारे ३ भारित. बाळाचा सामू ७.१ पर्यंत घसरला तर सुमारे ६. भाररहित रेणू दोन्हीकडे सारखे होतात, म्हणून प्रथिनांना चिकटलेले रेणू वगळता आईकडे ४ तर बाळाकडे ७! हे गणित विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावे. आधीच संकटात असलेल्या बाळातच औषध जास्त साठते.

परिणाम मोजायचा कसा? व्हर्जिनिया अपगार यांची गुणपद्धती १९५३ पासून होती, पण ती ठोके, श्वास, रंग यांसारख्या ढोबळ खुणा पाहते. १९७४ मध्ये स्कॅनलन व सहकाऱ्यांनी जन्मानंतर काही तासांनी बाळांचे स्नायू आणि प्रतिसाद तपासले. लिडोकेन किंवा मेपिव्हाकेन दिलेल्या मातांची बाळे सावध, पण अंगाने ढिली आढळली. मोठ्या माणसात मेपिव्हाकेन निम्मे व्हायला सुमारे ३ तास लागतात, नवजातात सुमारे ९. मात्र त्या अभ्यासात दोन्ही औषधे एकाच गटात मोजली होती. १९८२ च्या सुमारास लिडोकेन वेगळे तपासले, तेव्हा तसा ढिलेपणा दिसला नाही. एका औषधाचा दोष दुसऱ्याच्या माथी बसला होता, असे मला वाटते.

आज बहुधा ०.१ टक्का किंवा त्याहून विरळ बुपिव्हाकेन आणि थोडे फेंटानिल देतात. आता आईचा रक्तदाब उतरून वारेचा रक्तपुरवठा घटण्याकडेच अधिक लक्ष ठेवावे लागते. फेंटानिलही वार ओलांडते, त्यामुळे बाळांची मोजमापे चालूच आहेत.