पाच शिलिंगांची वंशावळ

आयरिश माणूस आपला खापरपणजोबा शोधायला निघाला, की हमखास एका तारखेपाशी अडतो: ३० जून १९२२. यादवी युद्ध सुरू होऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. डब्लिनच्या फोर कोर्ट्सच्या आवारात प्रचंड स्फोट झाला आणि तिथला सरकारी दप्तरखाना जळाला. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांची घरोघरची पत्रकं, थोडे तुकडे वगळता, त्यात संपली. पुढच्या चार जनगणनांची पत्रकं मात्र आगीपर्यंत पोहोचलीच नव्हती. ती सरकारनेच आधी नष्ट केली होती. १८८१ आणि १८९१ची तर पहिल्या महायुद्धातल्या कागदटंचाईत लगदा करायला गेली. सगळा दोष बंदुकांवर टाकणारे हे सोयीस्करपणे विसरतात.

तरीही १८४१ सालच्या काही घरांत कोण कोण राहत होतं, हे आज सांगता येतं. ते शक्य झालं म्हाताऱ्यांच्या पेन्शनमुळे.

१९०८च्या कायद्याने सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग मिळू लागले. जानेवारी १९०९पासून पोस्टात वाटप सुरू झालं. पण सत्तरी सिद्ध कशी करायची? आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद १८६४ला सुरू झाली. त्याआधी जन्मलेल्यांकडे दाखला कुठला असणार! मग ‘मोठ्या वाऱ्याची रात्र’ मदतीला आली. ६ जानेवारी १८३९च्या रात्री देशभर भयंकर वादळ झालं होतं, छपरं उडाली होती, माणसं मेली होती. ‘ती रात्र मला आठवते’ असं सांगणारा सत्तरीचा असणारच, हा हिशेब. आठवणाऱ्यांची संख्या अर्थातच भराभर वाढली. १९०१ आणि १९११च्या जनगणना शेजारी ठेवून पाहाव्यात: दहा वर्षांत पंधरा वर्षांनी म्हातारी झालेली माणसं गावोगाव भेटतात. मला त्यांचा राग येत नाही. आपलं नक्की वय त्यांच्यापैकी अनेकांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

अधिकाऱ्यांना कागद हवा होता, म्हणून दप्तरखान्यात १८४१ आणि १८५१च्या पत्रकांचा शोध घ्यायची सोय झाली. अर्जात आपलं नाव, वडिलांचं नाव, आईचं माहेरचं आडनाव आणि लहानपणीचा पत्ता लिहायचा: काउंटी, बॅरनी, पॅरिश, टाउनलँड. टाउनलँड म्हणजे जमिनीचा सगळ्यात लहान विभाग. असे साठ हजारांहून जास्त आहेत आणि एकच नाव कित्येकांना असतं, त्यामुळे पत्ता चुकला की शोध फुकट. पत्ता बरोबर असला, की कारकून गठ्ठा उघडून ते घर शोधायचा, आईबाप आणि भावंडांची वयं उतरवून घ्यायचा, किंवा ‘सापडले नाही’ एवढंच लिहून मोकळा व्हायचा.

या दोन जनगणनांच्या मधोमध बटाट्याचा दुष्काळ आहे. १८४१ला लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती, १८५१ला ६५ लाखांवर आली. कोण मेलं, कोण जहाजात बसून अमेरिकेला गेलं, याचा माग घराघरांतून लागू शकला असता, ती पत्रकं जळाली. राहिल्या त्या या नकला, आणि त्याही ज्यांनी पाच शिलिंगांसाठी अर्ज केला त्यांच्यापुरत्या. जमीनदारांची वंशावळ राखणारे कागद मुबलक असतात; इथे भूमिहीन मजुराची आई माहेरच्या आडनावासकट हाती लागते, ती एका सरकारी तपासणीतून. वंशावळ जपावी असा हेतू त्यात कुणाचाच नव्हता.

आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने हे अर्ज इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. कुणा आयरिश स्नेह्याला पूर्वज शोधायचे असतील, तर नुसतं आडनाव घेऊन बसू नका म्हणावं. आधी घरातल्या वृद्धांकडून टाउनलँडचं नाव काढून घ्या.