ल्हासाची ट्रेन : तिकीट मिळेल, पण परवानगी?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून देतेय.

गेल्या थंडीत माझ्या डोक्यात एक वेड शिरलं होतं. ट्रेननं ल्हासाला जायचं, म्हणजे तिबेटला, जगातल्या सगळ्यात उंच रेल्वेनं. मग काय, आधी खरेदी! दर हिवाळ्यात आपल्या शहरांत तिबेटी लोकांचे स्वेटरचे स्टॉल लागतात ना, तिथे गेले. स्टॉलवरच्या मावशी चक्क मराठी बोलत होत्या. मी विचारलं, "मावशी, तुम्ही कुठल्या?" त्या हसून म्हणाल्या, "गोंदियाची."

चेष्टा नव्हती. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत 1972 पासून आहे. मावशींचा जन्म तिथलाच, आई मात्र ल्हासाची. मी उत्साहात माझा प्लॅन सांगितला. त्यांनी स्वेटरची घडी घातली आणि एवढंच विचारलं, "तुला जाऊ देतात?"

तेव्हा तो प्रश्न माझ्या डोक्यावरून गेला. तो कळायला मला इतिहास वाचावा लागला.

आधी रेल्वेचं बघू. चीनच्या छिंगहाय प्रांतातल्या शीनिंगपासून ल्हासापर्यंत 1,956 किलोमीटर. पहिला तुकडा शीनिंग ते गोलमुद, 814 किलोमीटर. त्याचं काम 1958 मध्ये सुरू झालं, मध्ये बंद पडलं, आणि प्रवासी गाड्या सुरू व्हायला 1984 उजाडलं. गोलमुदच्या पुढे रेल्वे थांबली ती थांबलीच. कारण पुढे कुनलुन पर्वत, आणि त्याच्याही पलीकडे गोठलेली जमीन.

गोठलेली म्हणजे वरवरचा बर्फ नाही हं. जमिनीच्या आतच वर्षानुवर्षं गोठून राहिलेलं पाणी. उन्हाळ्यात वरचा थर वितळतो आणि जमीन खचते. हिवाळ्यात पुन्हा गोठतो आणि जमीन फुगते. अशा जमिनीवर रूळ टाकले तर दर वर्षी वाकडे होणार. आणि असा पट्टा थोडाथोडका नाही, सुमारे 550 किलोमीटरचा!

इंजिनिअरांनी यावर काय केलं, तर जमीन गार ठेवली. रुळांच्या कडेला लोखंडी नळ्या उभ्या पुरल्या, आत अमोनिया. हिवाळ्यात जमिनीपेक्षा हवा जास्त थंड असते. तेव्हा खालचा अमोनिया जमिनीतली ऊब घेऊन वाफ होतो, वर चढतो, थंड हवेत पुन्हा द्रव होतो आणि खाली उतरतो. वीज नको, मोटर नको. हिवाळ्यात साठवलेला हा गारवा उन्हाळ्यात कामी येतो. जिथे तेही पुरेसं नव्हतं, तिथे रूळ सरळ पुलांवर उचलले. छिंगशुईहचा पूल 11.7 किलोमीटर लांब आहे, आणि त्याच्या खालून तिबेटी हरणांना जायला वाटही राहिली.

2001 मध्ये सुरू झालेलं गोलमुद ते ल्हासा हे 1,142 किलोमीटरचं काम पाच वर्षांत संपलं, आणि 1 जुलै 2006 ला गाडी सुटली. तोवर सगळ्यात उंच रेल्वेचा मान पेरू देशाकडे होता. आता तो तांगुला खिंडीकडे आला, उंची 5,072 मीटर. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे एकावर एक तीन कळसूबाई ठेवा, तरी गाडी थोडी वरूनच जाते!

आता प्लॅनिंगचा खरा मुद्दा, श्वासाचा. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या जेमतेम निम्मा असतो. मला वाटायचं, डबा विमानासारखा असेल, आत दाब कायम ठेवत असतील. तसं नाहीये. डब्यात जादा ऑक्सिजन सोडतात, शिवाय त्रास होणाऱ्याला नळी लावून घेता येते. पण हवेचा दाब बाहेरच्यासारखाच उतरतो. वेफर्सचं पाकीट फुग्यासारखं टम्म होतं, ते त्यामुळेच.

"ट्रेन हळूहळू चढते, त्यामुळे शरीराला सवय होते" हेही अर्धंच खरं. गोलमुद सुमारे 2,800 मीटरवर, आणि तिथून काही तासांत तुम्ही 5,000 च्या वर. शरीराला तास पुरत नाहीत, दिवस लागतात. म्हणून माझ्या वहीत पहिली ओळ ही होती : शीनिंगला, 2,275 मीटरवर, दोन रात्री मुक्काम. दुसरी : ल्हासात पहिले दोन दिवस नुसता आराम. तिसरी : निघण्याआधी डॉक्टरांना भेटणं, आणि डोकेदुखी, मळमळ वाढत गेली तर हट्ट न करता खाली उतरणं.

चौथी ओळ लिहायला गेले आणि मावशींचा प्रश्न आठवला. परवानगी.

ल्हासाला जाण्याचं सगळ्यात भारी प्लॅनिंग कुणी केलं असेल, तर नैनसिंग रावत यांनी. 2017 मध्ये गूगलनं त्यांचं डूडल केलं होतं, आठवतंय? कुमाऊँमधल्या मिलम गावचे शाळामास्तर. तिबेटमध्ये तेव्हा परक्यांना, विशेषतः गोऱ्यांना, बंदी होती आणि ब्रिटिशांना तर नकाशा हवा होता. म्हणून डेहराडूनला त्यांना तयार केलं गेलं. एका मैलात बरोबर 2,000 पावलं पडतील असं चालायचं. जपमाळ 108 ऐवजी 100 मण्यांची, दर शंभर पावलांना एक मणी. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी मोजमापांच्या चिठ्ठ्या. पाणी किती तापमानाला उकळतं ते बघून उंची काढायची. 1865 मध्ये ते निघाले आणि जानेवारी 1866 मध्ये ल्हासाला पोचले. वेष बदलून, जीव मुठीत धरून.

म्हणजे बघा, नैनसिंगांपुढे दोन भिंती होत्या. एक डोंगराची, दुसरी परवानगीची. रेल्वेनं पहिली भिंत फोडली. दुसरी तशीच उभी आहे, फक्त पहारेकरी बदलले.

आज परदेशी माणसाला चीनचा व्हिसा पुरत नाही, तिबेटचं वेगळं परमिट लागतं. ते स्वतः काढता येत नाही. टूर कंपनी, ठरलेला कार्यक्रम, सोबत गाईड, सगळं आधी ठरवायचं. परमिटशिवाय गाडीत बसू देत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर बहुतेक वेळा परदेशी पर्यटकांना तिबेट बंदच असतं. 10 मार्च हा 1959 च्या ल्हासातल्या उठावाचा दिवस. त्याच महिन्यात दलाई लामा ल्हासा सोडून निघाले आणि दोन आठवडे डोंगर ओलांडत भारतात आले. मावशींची आईही त्यानंतरच्या लोंढ्यात आली.

चीन सरकार म्हणतं, रेल्वेनं विकास आणला, माल स्वस्त झाला. अनेक तिबेटी म्हणतात, रेल्वेनं बाहेरची माणसं आणि लष्कर आणलं, आणि आम्ही आमच्याच गावात थोडे उरलो. रूळ तेच, पण त्यावरून काय आलं हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं.

थंडी सरता सरता मी पुन्हा स्टॉलवर गेले. म्हटलं, "मावशी, मला बहुतेक जाऊ देतील." त्या म्हणाल्या, "चांगलं झालं. आम्हाला कोण देणार?" मग माल आवरताना सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "स्टेशनवरून पोताला दिसतो का गं? आई सांगायची, गावात शिरताना आधी तोच दिसतो."

मला उत्तर माहीत नव्हतं. वहीतली पाचवी ओळ आता तीच आहे : उतरल्यावर आधी बघायचं, पोताला दिसतो का.

माझं जाणं अजून व्हायचंय. गेले की त्या प्रश्नाचं उत्तर आधी मावशींना, मग तुम्हाला.