डिलाईल रोडची जुनी प्रत

पाटीवर ‘ना. म. जोशी मार्ग’ लिहिलेलं असतं आणि टॅक्सीवाल्याला ‘डिलाईल रोड’ सांगितलं जातं. नारायण मल्हार जोशी हे नाव काही लहान नाही. १९११ मध्ये त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली, १९२० मध्ये आयटकच्या स्थापनेत ते आघाडीवर होते. गिरणगावातल्या रस्त्याला त्यांचं नाव शोभतंच. पण कुठलंही नाव घ्या, माणूस पोचतो त्याच बीडीडी चाळींपुढे. कुणाचं काही बिघडत नाही.

जुलै २०१८ मध्ये झालं ते वेगळं होतं. अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग रुळांवर कोसळला, शहरातल्या पुलांची तपासणी सुरू झाली आणि त्याच महिन्यात लोअर परळचा डिलाईल पूल धोकादायक म्हणून बंद झाला. तो पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडलं. मधल्या काळात ज्याच्या डोक्यातला नकाशा जुना, तो थेट पुलाच्या तोंडाशी येऊन अडकणार. नकाशात चूक नव्हती, फक्त तो शिळा झाला होता. आणि शिळा झाल्याचं नकाशा स्वतःहून कधीच सांगत नाही.

संगणकशास्त्रात अवघड गोष्टी दोनच, नावं ठेवणं आणि कॅश रद्द करणं, असा एक विनोद फिल कार्लटन या प्रोग्रामरच्या नावावर सांगितला जातो. डिलाईल रोडला दोन्ही माहीत आहेत. इथे गोष्ट सांगायची आहे ती दुसऱ्या अवघड गोष्टीची, कारण ती तुमच्या हातातल्या फोनमध्ये अखंड चालू असते.

कॅश म्हणजे इथे रोकड नव्हे. प्रोसेसर वेगवान, मुख्य मेमरी त्या मानाने संथ. म्हणून वारंवार लागणाऱ्या माहितीची प्रत प्रोसेसर स्वतःजवळच्या छोट्या, चपळ मेमरीत ठेवतो. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये ही कल्पना मांडली, १९६८ मध्ये आयबीएमने ती आपल्या ३६०/८५ या यंत्रात आणली. त्याआधीचं जग सोपं होतं. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅकची सगळी मेमरी २,०४८ शब्दांची. प्रत नाही, म्हणून शिळं होण्याचा प्रश्नच नाही.

प्रत आली आणि भानगड सुरू झाली. कारण मेमरीत लिहिणारा प्रोसेसर एकटा नसतो. वाय-फायची चिप, कॅमेरा, स्टोरेज हे सगळे प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत लिहितात. याला डीएमए म्हणतात. कॅमेऱ्याने नवा फोटो मेमरीत ठेवला, पण प्रोसेसरच्या कॅशमध्ये त्याच जागेची जुनी प्रत पडून आहे. प्रोसेसर ती वाचणार आणि खुशाल पुढे जाणार. ना संदेश, ना इशारा. फोटोच्या मधोमध एक भलताच पट्टा दिसेल, तोही दहा वेळांतून एकदाच. अशा बगांमागे लोकांच्या रात्री गेल्या आहेत.

मग जुनी प्रत रद्द झाली हे सांगायचं कुणी? हा जिम्मा कधी हार्डवेअरकडे, कधी सॉफ्टवेअरकडे ढकलला गेला, आणि माझ्या मते या विषयाचा खरा इतिहास तोच आहे. इंटेलने १९८९ च्या ४८६ मध्ये आठ किलोबाइटचा कॅश बसवला, तेव्हा त्याला बसवर कान ठेवायला शिकवलं. कुणी मेमरीत लिहिलं की आपली प्रत तो आपणच रद्द करी. १९९१ मध्ये लिनक्स जन्मलं ते याच घराण्याच्या यंत्रांवर, त्यामुळे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना फिकीर नव्हती.

त्याच १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकने परम ८००० उभा केला. त्यांनी निवडला ट्रान्सप्युटर. प्रत्येक प्रोसेसरची मेमरी त्याची स्वतःची, दुसऱ्याला काही हवं तर निरोप पाठवायचा. सामायिक मेमरी नाही, म्हणून तिच्या वेगवेगळ्या प्रती जुळवत बसणंही नाही. हा एक शहाणा मार्ग होता. त्याची किंमत प्रोग्रामरने मोजायची, कारण प्रत्येक निरोप त्यालाच लिहावा लागे.

लिनक्स इतर प्रोसेसरांवर गेलं तशी निश्चिंती संपली. डेव्हिड मिलर आणि सहकाऱ्यांनी डीएमएसाठी एक शिस्त लिहून काढली, ती २००१ च्या २.४ आवृत्तीत आली. एखादी जागा एका वेळी एकाच्याच ताब्यात, प्रोसेसरच्या किंवा उपकरणाच्या, आणि ताबा बदलताना कर्नेलला कळवायचं. उपकरणाला द्यायचं असेल तर कॅशमधलं आधी मेमरीत उतरवा. उपकरणाकडून घ्यायचं असेल तर कॅशमधली प्रत रद्द करा. उलटं केलंत तर नुकतंच आलेलं पॅकेट जुन्या मजकुराखाली गाडलं जाईल.

यातही चाळीतल्यासारखी शेजाराची अडचण आहे. कॅश एकेक बाइट रद्द करत नाही, बहुधा ६४ बाइटची अख्खी ओळ करतो. त्याच ओळीत शेजाऱ्याचा न उतरवलेला आकडा असेल तर तोही गेला. म्हणून डीएमएची जागा ओळीच्या हद्दीपासूनच आखून द्यावी लागते.

फोनमधले एआरएम प्रोसेसर हे सगळं सॉफ्टवेअरवर सोपवत आले. जुन्या एआरएममध्ये तर नावाचा घोळही होता. एकाच जागेला दोन पत्ते असले की कॅशमध्ये तिच्या दोन प्रती पडत. डिलाईल रोडला जे निभावलं ते तिथे निभावत नसे. पुढचे प्रोसेसर हुशार झाले, लागेल असं वाटलं की आधीच वाचून ठेवू लागले. त्यामुळे उपकरण लिहीत असतानाच जुनी प्रत पुन्हा कॅशमध्ये शिरू शके. आधी एकदा रद्द करून भागेना. रसेल किंग यांनी २०१० च्या सुमारास लिनक्सच्या एआरएम भागात दुरुस्ती केली. काम उरकल्यावरही पुन्हा रद्द करायचं. साफ केलेल्या खोलीत कुणी मागच्या दाराने येऊन बसलंय का, ते पाहण्यासारखं.

२०११ मध्ये एआरएमने जोडणीचा नवा नियम आणला आणि काही उपकरणांपुरतं हे काम पुन्हा हार्डवेअरकडे गेलं. सगळ्यांसाठी नाही, कारण त्याला जागा लागते, वीज लागते, पैसा लागतो. रिस्क-फाइव्ह आला तेव्हा त्याच्या मूळ नियमांत कॅश रद्द करण्याची आज्ञाच नव्हती. ती वेगळी जोडावी लागली आणि लिनक्सला ती कळू लागली २०२२ मध्ये. सी-डॅकचे वेगा प्रोसेसरही याच रिस्क-फाइव्हवर आहेत.