हापिसच्या नेटवर घरची कामं

मंडळी, या शनिवारचा विषय तुमच्या-माझ्या रोजच्या पापाचा आहे. हापिसच्या नेटवर माणसं घरची कामं का करतात? मॅनेजर लोकांचं उत्तर ठरलेलं: आळस. मला ते पटत नाही. का, ते सांगायला मी तुम्हाला आयटी पार्कातून उचलून थेट हिंगोलीला नेणार आहे.

नेटच्या आधी फोन. १९९४च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात नोंद आहे की देशात शंभर माणसांमागे ०.८ फोन आणि प्रतीक्षा यादीत सुमारे २५ लाख. म्हणजे शंभर जणांत एक फोनसुद्धा पुरा नाही! आणि हा आकडा मुंबई-दिल्ली धरून. वसमत, कळमनुरीकडे काय असेल याचा अंदाज तुम्हीच करा. फोन असायचा तो बँकेत, तहसीलीत, हेडमास्तरांच्या खोलीत. नातेवाइकांना नंबर दिला जायचा तोही तिथलाच, पुढे 'पी.पी.' लिहून. आजारपण, पाहुण्यांचं येणं, मुलीचं ठरलं-मोडलं, सगळं त्याच एका काळ्या डबड्यावर. साहेब डायलला चिमुकलं कुलूप लावायचे, आणि एखादा हुशार कारकून रिसिव्हरखालचं बटण टकटक दाबून नंबर लावायचा. आपल्याकडची पहिली फायरवॉल आणि पहिलं हॅकिंग ते हेच :-)

नेट आलं तेही याच वाटेने. १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, पण महानगरांत. जिल्ह्याच्या गावी संगणकाचं जाळं त्याच्याही आधी पोचलं होतं, पण ते कलेक्टर कचेरीत: एनआयसीचं, उपग्रहावरून चालणारं निकनेट. (हिंगोली परभणीतून वेगळी झाली १ मे १९९९ला. म्हणजे आमचा जिल्हा देशातल्या इंटरनेटपेक्षा वयाने लहान!) पुढे गावात सायबर कॅफे निघाले, पण ते दिवस भारनियमनाचे. वीज गेली की कॅफेवाला शटरबाहेर खुर्ची टाकून बसायचा. अशा गावातून पोरगं पुण्याला नोकरीला लागलं की त्याच्या हापिसात काय असायचं? जनरेटर आणि चोवीस तास चालणारी लीज्ड लाइन. म्हणजे अख्ख्या घराचं नेट त्या एका टेबलावर.

मग भावाचा बारावीचा निकाल दुपारी एकला तिथेच बघायचा. हळदीचं असेल तर २००४पासून एनसीडीईएक्सवर वायदे सुरू झाले. वडिलांचा फोन यायचा, "आज काय चाललंय रे?" आणि पोरगं एका खिडकीत कोड, दुसऱ्या खिडकीत भाव बघून सांगायचं. पोती आज काढायची की आठवडाभर थांबायचं, हे त्या उत्तरावर ठरणार. लॉगमध्ये त्याची नोंद काय? 'वैयक्तिक वापर, ७ मिनिटं'.

आता कुणी म्हणेल, बाबा रे, आता सगळ्यांच्या खिशात नेट आहे, मग घरी जाऊन कर की! इथेच खरी गोम आहे. तत्काळ तिकिटं पूर्वी सकाळी आठला सुटायची. १० जुलै २०१२पासून दहाला सुटू लागली. जून २०१५पासून एसी दहाला आणि स्लीपर अकराला. म्हणजे हे काम हापिसच्या वेळेत ढकललं ते खुद्द रेल्वेने. सरकारी नोकरांचंही बघा. २९ फेब्रुवारी २०२०पासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा आला, वेळ पावणेदहा ते सव्वासहा. शनिवार मिळाला खरा, पण ज्या कचेऱ्यांत स्वतःची कामं असतात त्याही शनिवारी बंद! आणि जुलै २०२१मध्ये शासनाचं फर्मान निघालं की कार्यालयात मोबाईल गरजेपुरताच वापरा, शक्यतो लँडलाइनला प्राधान्य द्या. फिरून पुन्हा काळं डबडं.

शुद्ध टाइमपास होत नाही का? होतो की. ऑर्कुटच्या दिवसांत दुपारी तीननंतर आमच्या मजल्यावर कोण काम करत होतं ते विचारू नका. पण त्यामागेही एक हिशोब असतो. सिंगापूरच्या व्हिव्हियन लिम यांनी २००२मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना कंपनी आपल्याशी अन्यायाने वागते असं वाटतं, ते मनात जमाखर्चाची वही ठेवतात: मी रात्री नऊपर्यंत थांबलो ते जमा, अर्धा तास नेट ते नावे. मेलबर्नच्या ब्रेंट कोकर यांनी २००९मध्ये तर सांगितलं की मधूनमधून थोडं भटकणारे साधारण ९ टक्के जास्त काम करतात. हे वाक्य छापून क्युबिकलमध्ये लावू नका, 'थोडं' हा शब्द महत्त्वाचा आहे.

पाळत ठेवणाऱ्यांसाठी रोमानियाची गोष्ट. तिथल्या एका इंजिनिअरला २००७मध्ये नोकरीवरून काढलं, कारण कामासाठी उघडलेल्या याहू मेसेंजरवर तो भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी बोलला. कंपनीने ते संवाद शब्दन् शब्द छापून काढले. खटला युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेला आणि सप्टेंबर २०१७मध्ये मोठ्या पीठाने त्याच्या बाजूने कौल दिला. नियम करा, पण पाळत किती आणि कशी ठेवणार ते आधी सांगायला हवं होतं, असं न्यायालयाचं म्हणणं.

आमच्या टीमची रोजची मीटिंग अकराला असते. दिवाळीच्या आठवड्यात ती साडेअकराला होते. लीड परभणीचा आहे.