चार पापुद्रे आणि दोन ओळींचा पत्ता

हरभऱ्याच्या पानांत सूर्यप्रकाशावर अन्न रांधणाऱ्या हरितलवकास दोन पापुद्रे असतात. युग्लीना नामक सूक्ष्म जीवाच्या लवकास तीन, तर डायाटम या शेवाळाच्या लवकास चार. हे जादा पापुद्रे आले कोठून? माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठांतील सारा गिब्ज यांनीं १९७८ सालीं सुचविलें कीं, युग्लीनाच्या पूर्वजानें हिरवें शेवाळ गिळलें, पण पचविलें नाहीं. डायाटमच्या पूर्वजाच्या पोटीं असेंच तांबडें शेवाळ राहिलें.

या पाहुण्याचीं बहुतेक जनुकें पुढें यजमानाच्या केंद्रकांत गेलीं. साहजिकच लवकाचीं प्रथिनें बाहेर घडावयाचीं आणि चार तट ओलांडून आंत जावयाचीं! १९९१ मध्यें देवकी भाया व आर्थर ग्रॉसमन यांनीं डायाटमचें असें एक प्रथिन कुत्र्याच्या स्वादुपिंडांतील पेशींच्या पटलांपुढें ठेविलें. कोठें शेवाळ, कोठें श्वान! तरी तें आंत शिरलें. प्रथिनाच्या अग्रावर दोन ओळींचा पत्ताच असतो म्हणाना: पहिली ओळ बाहेरच्या पापुद्र्यापुरती, दुसरी पुढील वाटेसाठीं.

हिंवतापाच्या जंतूंतहि चार पापुद्र्यांचें, रंग गमावलेलें लवक आहे. त्याच्या प्रथिनांवरहि हाच पत्ता असल्याचें १९९८ सालीं आढळलें. डॉक्सिसायक्लीन हें औषध त्या लवकावरच घाव घालतें. जंतु लगेच मरत नाहीं, पुढची पिढी मरते.