हॅमायसिन : पिंपरीतील प्रयोगशाळेतून औषधापर्यंत

प्रयोगशाळेतील शोध आणि रुग्णाच्या हाती पडणारे औषध यांमधील खर्चिक टप्पा कोणी पेलावा, हा प्रश्न विद्यापीठांना आजही भेडसावतो. पिंपरीच्या इतिहासात त्याचे एक उत्तर आढळते. केंद्र सरकारने १९५४ मध्ये युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेडची स्थापना केली. १९५५ मध्ये पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. कारखान्यासमवेत संशोधन विभागही उभा राहिला, ही बाब अधिक महत्त्वाची होय. तेथे डॉ. एम. जे. तिरुमलाचार व सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या जीवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीरोधक द्रव्य मिळविले आणि १९६१ मध्ये 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स बुलेटिन'मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. जीवाणूच्या नावात गाव आणि औषधाच्या नावात संस्थेची आद्याक्षरे, हा योग विरळाच! किण्वनाची यंत्रे आणि संशोधक एकाच आवारात होते. विद्यापीठातील संशोधकास ही सोय सहसा लाभत नाही. पुढे शरीरांतर्गत बुरशीरोगांवर अमेरिकेतही हॅमायसिनच्या चाचण्या झाल्या. परंतु तोंडावाटे घेतल्यास ते रक्तात पुरेसे शोषले जात नसे. त्यामुळे त्याचा वापर मुख्यत्वे त्वचा व श्लेष्मल त्वचेच्या विकारांपुरता राहिला.